वीज कंपनीचा निरोप : खरा आणि बनावट



“मागील बिल जमा झालेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, पुढील क्रमांकावर अधिकाऱ्याशी बोलावे,” अशा आशयाचे बनावट संदेश 2022 साली देशभर पसरले. वडोदरा येथे मध्य गुजरात वीज कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. येथील मराठी कुटुंबांचे आप्त महाराष्ट्रात महावितरणचे ग्राहक आहेत. कंपन्या निराळ्या, सापळा एकच.

वेळ मोठ्या धूर्तपणे निवडलेली असते. रात्री बिलाचे कार्यालय बंद; विचारावे कोणास? नवल असे की, वेळेवर बिल भरणाराही यात सहज अडकतो. “पैसे भरले आहेत,” एवढे सांगण्यासाठी तो दूरध्वनी करतो. पलीकडून नम्र स्वरात नोंद दुरुस्त करण्याकरिता दहा रुपये भरण्यास व एक ॲप उतरवून घेण्यास सांगण्यात येते. त्या ॲपमधून ग्राहकाच्या भ्रमणध्वनीचा पडदा भामट्यास दिसू लागतो, आणि बँकेतील शिल्लक नाहीशी होते.

वस्तुतः विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. महावितरणचे संदेश ‘एमएसईडीसीएल’ या नाममुद्रेने येतात, खासगी दहा अंकी क्रमांकावरून नव्हे. शंका आल्यास बिलावर छापलेल्या क्रमांकावरच विचारणा करावी. पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्काळ 1930 वर कळवावे. रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वी ती बँकेत रोखता येण्याचा संभव असतो.