मूत्रमार्गाचा संकोच आणि मनाचा संकोच

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यसभेत दिलेले भाषण)



मी वैद्य नाही. कापडाचा व्यापारी आहे. तरीही ज्या व्याधीचा उच्चार आपल्या घरांत टाळला जातो, तिच्याविषयी आज चार शब्द बोलण्याची अनुमती घेतो. ती व्याधी म्हणजे पुरुषांच्या मूत्रमार्गाचे अरुंद होणे. ‘संकोच’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : आकसणे आणि लाजणे. या व्याधीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मार्ग आकसतो आणि रुग्ण लाजेने गप्प राहतो.

लघवीची धार बारीक होणे, जोर करावा लागणे, थेंब थेंब गळणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे ही तिची लक्षणे होत. वय झाले की असे चालायचेच, किंवा ही प्रोस्टेटची तक्रार असावी, असे समजून पुष्कळजण दिवस काढतात. पुढे एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबते. दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास मूत्राशय आणि मूत्रपिंड यांनाही इजा पोहोचते. वाहन अपघातात कटिभागाचे हाड मोडणे, नाजूक जागी मार बसणे, नळी घालताना किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत झालेली जखम, पांढरे चट्टे पाडणारा एक त्वचाविकार, जंतुसंसर्ग अशी अनेक कारणे यामागे असतात. म्हणून रुग्णाच्या चारित्र्याविषयी कुजबुज करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

सळईने मार्ग रुंदावणे किंवा दुर्बिणीतून आतला व्रण छेदणे हे उपाय प्रचलित आहेत. आखूड आणि प्रथमच झालेल्या अडथळ्यात त्यांचा उपयोग होतो. परंतु तेच उपाय पुनःपुन्हा केल्यास गुण टिकण्याची आशा कमी होत जाते. अशा वेळी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया, म्हणजेच युरेथ्रोप्लास्टी, हा अधिक टिकाऊ मार्ग ठरतो.

तिचे तत्त्व आम्हा कापडवाल्यांना सहज उमगते. विरलेला भाग लहान असेल, तर तो कापून दोन्ही काठ जोडता येतात. भाग लांब असेल, तर ओढून शिवल्यास वस्त्र आखडते. तेथे ठिगळच लावावे लागते. हे ठिगळ रुग्णाच्याच गालाच्या आतील अस्तरातून घेतात. ते अस्तर सदैव ओलाव्यात राहणारे, केसविरहित आणि चिवट असते, आणि तोंडातील जखमही लवकर भरते. शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन आठवडे नळी ठेवावी लागते.

इटलीचे डॉ. ग्विदो बार्बाली यांनी १९९६ मध्ये हे ठिगळ मूत्रमार्गाच्या वरच्या अंगाला बसविण्याची पद्धत मांडली. पुढे २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी त्यांच्यासह नवी पद्धत प्रसिद्ध केली. तीत मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू सुरक्षित राहतात. संपूर्ण मार्ग आकसलेला असला, तरी अंडकोशामागील एका छेदातून ही दुरुस्ती एकाच टप्प्यात साधते. आज ती ‘कुलकर्णी पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

येथे तरुणांना एक विनंती. तंबाखू, सुपारी आणि गुटखा यांनी गालाचे अस्तर ताठर व निकामी होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही व्यसन सुटलेले नाही. गरजेच्या वेळी स्वतःच्याच देहातील ठाण उपयोगी पडू नये, याहून मोठा तोटा कोणता?

बंधूंनो, धार बारीक झाल्यास मूत्रशल्यविशारदाकडे जावे. धारेचा वेग मोजणारी चाचणी आणि औषध सोडून काढलेले क्ष-किरण चित्र यांवरून अडथळा कोठे व किती लांब आहे ते कळते. सळईचे उपचार पुनःपुन्हा होत असतील, तर पुनर्रचनेत पारंगत असलेल्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. भगिनींनो, घरातील वडीलधारे रात्री चारदा उठत असतील, तर त्यांना आपणच विचारावे. ते आपणहून सांगणार नाहीत.

मूत्रमार्गाचा संकोच दूर करण्यास शल्यविशारद समर्थ आहेत. मनाचा संकोच मात्र आपणच दूर करावयाचा आहे.