सुक्याबरोबर ओले जळू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी आर्वी येथे केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर चार शब्द बोलावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपविले. विषय दिला तोही साधा नाही. देशात दहशतवाद असताना सरकारच्या हाती किती अधिकार असावा आणि माणसाचे स्वातंत्र्य किती राहावे, असा तो विषय. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याची पुस्तके मी वाचलेली नाहीत. तरीपण ज्या घरात मुलेबाळे आहेत त्या घरच्या बाईला हा विषय परका नाही. मुलगा रात्री सुखरूप घरी यावा हीही आपलीच काळजी, आणि त्याला विनाकारण कोणी उचलून नेऊ नये हीही आपलीच.

२०२५ च्या जुलैत आपल्या विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हापासून या गोष्टीची चर्चा घरोघर झाली. कोणी म्हणाले, असा कायदा हवाच होता. कोणी म्हणाले, याने सरकारविरुद्ध बोलणाऱ्याचे तोंड बंद होईल. या वादात मी शिरत नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, असा प्रश्न आपल्या वर्धा जिल्ह्याने फार पूर्वी, स्वतःच्या अंगावर सोसून पाहिला आहे. ती हकीकत आपल्या मुलींना ठाऊक असली पाहिजे.

आपल्या आर्वीहून जवळच असलेल्या आष्टीला आपण आज ‘शहीद आष्टी’ म्हणतो. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. गांधीजींना आणि इतर पुढाऱ्यांना आठवड्यापूर्वीच पकडून नेले होते. आष्टीच्या लोकांचा जमाव ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावची माणसे पडली. संतापलेल्या जमावाच्या हातून ठाणेदार व शिपाईही मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चांदा जिल्ह्यातील चिमूरला असेच घडले. हुतात्म्यांना आपण हात जोडतो आणि जोडावेतच. परंतु त्या शिपायांच्या घरीही कुंकू पुसले गेले होते, असे आज म्हटल्याने हुतात्म्यांचा मान काही कमी होत नाही.

आता पुढचे ऐका. सरकारी माणसे मारली गेली म्हणजे सरकारने चौकशी करावी, ज्याने मारले त्याला धरावे, हे कोणतेही सरकार करणारच. पण चिमूरला काय झाले? फौज आली, पुरुष पकडून नेले गेले, आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. या तक्रारींची चौकशी करा, एवढेच लोकांचे मागणे होते. सरकारने ते मानले नाही. तेव्हा सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी उपवास आरंभिला. ते पायी चिमूरला निघाले की सरकार त्यांना धरून परत आणी. उपवास ६३ दिवस चालला. सरकारने त्याची बातमी छापण्यासही बंदी केली. त्याच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये देशातील अनेक वर्तमानपत्रांनी एक दिवस आपले अंक बंद ठेवले. अखेर बोलणी झाली, बंदी उठली, आणि १२ जानेवारीला उपवास सुटला.

भगिनींनो, यात गुन्हेगाराला शिक्षा करण्याचा भाग किती आणि साऱ्या गावाला धाक दाखविण्याचा भाग किती, हे आपले आपणच ठरवावे. सुक्याबरोबर ओलेही जळते, असे आपण म्हणतो. इथे तर ओलेच जळाले. ज्या बायकांनी दगडसुद्धा उचलला नव्हता त्यांनी ते सोसले. आणि बातमी बंद केली होती, म्हणून त्यांचे रडणे शेजारच्या तालुक्यात पोचण्यालाही वेळ लागला.

आष्टी-चिमूरचे खटले चालले, कित्येकांना फाशी सांगितली गेली. तेव्हा नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी या कैद्यांचे प्राण वाचावेत म्हणून जिवाचे रान केले. १९४५ साली उरलेल्या फाशीच्या शिक्षा रद्द होऊन त्यांची जन्मठेप झाली. आज ज्यांच्या नावाने आपण मेळा भरवितो, ते त्या वेळच्या सरकारी कागदात दंगेखोर आणि खुनी होते. म्हणून खुर्चीवर बसलेल्याने एखाद्याला काय नाव दिले यावर भागत नाही. पुरावा काय, हे विचारावेच लागते.

सेवाग्रामला गेले की आपण बांच्या कुटीपुढे घटकाभर थांबतो. कस्तुरबांना ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाली. त्यांच्यावर खटला भरला नाही, कोणत्या न्यायाधीशापुढे उभे केले नाही. पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असतानाच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या असताना त्या गेल्या. खटल्यावाचून माणसाला अडकवून ठेवणे म्हणजे काय, हे कळण्यास मला याहून मोठे पुस्तक लागत नाही.

आता कोणी म्हणेल, बाई, ते परक्यांचे राज्य होते. आज राज्य आपले आहे, आणि समोर बॉम्ब लावणारे लोक आहेत. हे म्हणणे खरे आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, त्यात १६६ माणसे गेली. आपल्या विदर्भातही गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, नक्षलवाद्यांनी सुरुंग लावून १५ पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक मारले. अशांच्या बंदोबस्तासाठी सरकारजवळ बळ हवे. पोलिसांना हत्यारे, माणसे आणि चांगले तपासनीस हवेत. याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण पाहा, त्याच मुंबईच्या हल्ल्यात तुकाराम ओंबळे यांनी काय केले? हातात लाठी असलेल्या त्या पोलिसाने कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे कसाब जिवंत सापडला. पुढे त्याला वकील दिला, न्यायालयात पुरावा मांडला, तीन न्यायालयांनी तो तपासला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला त्यास फाशी झाली. त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते. त्यांच्याविरुद्ध पुरावा पुरा पडला नाही म्हणून ते सुटले. कसाबला वकील दिल्याने आपल्या देशाचे काय बिघडले? उलट कट कोठे शिजला ते साऱ्या जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले.

याच्या उलट मालेगावची गोष्ट. ८ सप्टेंबर २००६ रोजी तेथे कबरस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे मेली. नऊ मुसलमान पुरुषांना पकडले. जवळजवळ पाच वर्षे ते तुरुंगात होते. २०११ साली जामीन मिळाला आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपातून मोकळे केले. ‘ज्याने काही केले नाही त्याला भीती कशाची?’ असे आपल्याकडे सहज म्हणतात. त्या नऊ घरच्या बायकांना हे विचारून पाहावे. मिळविता पुरुष आत, वर अतिरेक्याची बायको म्हणून बोल. आणि ज्यांची माणसे स्फोटात गेली, त्यांना तरी काय मिळाले? ती पाच वर्षे त्यांचीही फुकट गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तर चोर मोकळाच राहतो, ही गोष्ट आपण विसरतो.

म्हणून मला असे वाटते की, स्वातंत्र्य एका पारड्यात आणि सुरक्षितता दुसऱ्या पारड्यात, एक वाढले की दुसरे घटते, ही समजूतच बरोबर नाही. खरा गुन्हेगार सापडावा म्हणूनच वकील, न्यायाधीश आणि वर्तमानपत्र ही तीन दारे उघडी हवीत. ती बंद केली की तपास करणाऱ्याला चुकीचा माणूस धरूनही भागते.

कडक कायदे आपल्याकडे पूर्वीही झाले. १९८५ साली पंजाबातील परिस्थितीमुळे टाडा आला, पण तो पंजाबाबाहेरही पुष्कळ वापरला गेला. त्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुलीही पुरावा धरीत. तक्रारी वाढल्या आणि १९९५ साली तो संपला. २००२ साली पोटा आला, २००४ साली रद्द झाला. युएपीए नावाचा १९६७ चा कायदा आहे. २००८ नंतर त्यात आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि आरोप सकृद्दर्शनी खरा दिसला तर जामीन मिळत नाही. निकाल लागून माणूस निर्दोष ठरला तरी गेलेली वर्षे कोण भरून देणार? म्हणून असा कायदा करावयाचाच, तर खटला लवकर चालविण्याची आणि चुकीने धरलेल्यास भरपाई देण्याची जबाबदारीही सरकारने घेतली पाहिजे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, हे सरकारलाही लागू आहे.

आता आपण घरच्या बायांनी काय करावे? दोन्ही बाजूंची कामे आहेत. खोली भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. एस.टी. स्थानकावर बेवारस पिशवी दिसली तर हात न लावता कळवावे, ११२ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा. फोनवर कोणाच्या जातीधर्माबद्दल भय घालणारा मजकूर आला, तर तो पुढे पाठवू नये. अफवेने जमाव जमतो, आणि जमावाला पुरावा लागत नाही.

तसेच आपले हक्कही ठाऊक असावेत. आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे, अटक केलेल्यास कारण सांगावे लागते, वकिलाला भेटू द्यावे लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्यास मात्र हे सर्व लागू नाही, हेही त्याच कलमात आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. तसेच कारण असेल तर महिला पोलीस हवी आणि न्यायाधीशाची आधी परवानगी हवी. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला आणि कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो. हे मंडळाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, अशी माझी सूचना आहे.

आणि एक मागणे. उद्या आपल्या गल्लीतील कोणाच्या मुलाला पोलिसांनी नेले, तर त्या घरचे हळदीकुंकू बंद करू नका. तो दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील. दोषी ठरला तर शिक्षा भोगील. परंतु त्याच्या आईच्या दारात त्या संध्याकाळी कोणी शेजारीण जाऊन बसली पाहिजे, आणि कोणत्या ठाण्यात नेले, कोणत्या आरोपावरून नेले, एवढे विचारण्यास तिच्याबरोबर दोघीजणी गेल्या पाहिजेत. चिमूरच्या बायांसाठी भन्साळी सेवाग्रामहून निघाले. आपल्याला तर शेजारच्या दारापर्यंतच जावयाचे आहे.