हिरवा चष्मा



लायमन फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाने १९०० साली ओझच्या जादूगाराची गोष्ट लिहिली. १९३९ साली तिच्यावर बोलपट निघाला. त्यात कॅन्ससचे माळरान तपकिरी छटेत दिसते. मग डोरोथी दार उघडते आणि पडद्यावर रंगांची उधळण होते. ती पाहून आम्हीही आ वासला! रंग खुलावा म्हणून पुस्तकातले चांदीचे जोडे तेथे माणकांचे झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती चष्म्याची. पुस्तकात पाचूनगरीच्या वेशीवर प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून त्याला कुलूप लावतात. नगरी हिरवीगार दिसते ती त्यामुळे. बोलपटाने चष्मा वगळला आणि नगरी खरोखरच हिरवी केली. उलट, पुस्तकात खराखुरा घडणारा डोरोथीचा प्रवास तेथे स्वप्नात जमा झाला. जादूगाराचे सोंग दोन्हीकडे उघडे पडते, हे खरे. परंतु झगमगाट तपासून पाहा आणि स्वतःच्या धाडसावर विश्वास ठेव, हे पुस्तकाचे सांगणे मात्र उलटेपालटे होऊन गेले.

बोलपटाच्या शेवटी अंथरुणावरची डोरोथी परोपरीने सांगते की, ते गाव खरेच होते. भोवतालची वडीलधारी माणसे हसतात.

तेव्हा मुलांना हा बोलपट अवश्य दाखवावा, घरी येऊन चष्म्याचे प्रकरण वाचून दाखवावे. आणि मूल आपला प्रवास सांगू लागले, तर निदान आपण हसू नये.