वहींत उतरवून घ्या

ता. ३१ जुलै १९३७ रोजीं डॉ. आंबेडकर कोर्टाच्या कामानिमित्त धुळ्यास आले असतां लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गेले होते. ही आठवण राखिली कोणीं? दरसाल त्या तारखेस भर पावसाळ्यांत तेथें जमणाऱ्या आपल्या गोरगरिबांनीं! अमेरिकेंतही पूर्वीं गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटीं जन्मलेल्या कार्टर वुडसन यांनीं १९२६ सालीं 'निग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. (तेथील गुलामांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्यांस जोतीरावांनीं १८७३ सालींच 'गुलामगिरी' अर्पण केली होती.)

परंतु यात्रेनें तारीख टिकते, हकीकत टिकत नाहीं. त्या दिवशीं बाबासाहेबांस पाहिलेले बहुतेक गेले. त्यांच्या तोंडून ऐकलेलेही आतां थकले. आम्ही वह्या घेऊन धुळें-जळगांवांत घरोघर येणार आहोंत. चहा नको; आजीबाईंना तेवढें ओट्यावर बसवून ठेवा.