रोजची भाकर, उद्याची भाकर

ख्रिस्ती घरात प्रभूची प्रार्थना म्हणतात, तिच्या मधोमध देवाकडे भाकर मागितलेली आहे. मराठी बायबलात ती ‘रोजची’ भाकर आहे. किती घरगुती शब्द! पण मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘एपिऊसिओस’ असा शब्द आहे, आणि त्याने पंडितांना अठराशे वर्षं कोड्यात टाकलं आहे.

नव्या करारात तो दोनदाच येतो, मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, तोही याच प्रार्थनेत. तिसऱ्या शतकातला ओरिजेन ग्रीकमध्येच लिहिणारा. त्याने नोंदवलं आहे की हा शब्द ना विद्वानांच्या लेखनात आढळतो, ना लोकांच्या तोंडी; शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. पुढे जेरोमच्या लॅटिन बायबलात लूककडे ‘दररोजची’ आलं आणि मत्तयाकडे, त्याच शब्दासाठी, ‘भौतिकापलीकडची’.

1889 मध्ये इजिप्तमधल्या हवारा इथल्या एका पपायरसचा मजकूर छापला गेला. ती खर्चाची यादी होती. तीत हाच शब्द, अर्धामुर्धा, वाचल्याचं सांगितलं गेलं, आणि ‘रोजचा शिधा’ या अर्थाला जोर आला. मग तो पपायरसच दिसेनासा झाला. 1998 मध्ये तो अमेरिकेत येल विद्यापीठात मिळाला. नीट वाचून पाहिलं, तर तिथे होतं ‘तेल’!

मला स्वतःला एक जुना अर्थ पटतो. ग्रीकमध्ये ‘एपिऊसा’ म्हणजे येणारा दिवस. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाचा प्रवास सांगताना ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणून हाच शब्द येतो. म्हणजे ही येणाऱ्या दिवसाची भाकर. पहाटे मागितली तर आजची, रात्री मागितली तर उद्याची. मत्तयाच्याच शुभवर्तमानात कामाच्या आशेने बाजारात उभे राहणारे मजूर आहेत. दिवसभर राबले की संध्याकाळी हातावर एक दिनार. उद्या काम मिळेल की नाही, हे त्यांना कुठे ठाऊक असतं?

यावर कोणी म्हणेल, मत्तयात ही प्रार्थना ज्या अध्यायात आहे, त्याच्याच शेवटी येशू उद्याची चिंता करू नका म्हणतो, मग उद्याची भाकर कशी मागायची? मला यात विरोध वाटत नाही. ज्याच्या घरी डबा रिकामा आहे, त्याला ही भाकर आज रात्रीच मागू द्यावी. मागून झाली की त्याला झोप लागेल.