बुडालेल्या मजुरीचा जमाखर्च

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा ताळेबंद व लेखापरीक्षकांचा अहवाल आपल्या हाती आहेच. ते आकडे पुन्हा वाचून मी आपला वेळ घेणार नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आयुष्य जमा आणि नावे या दोन बाजू जुळविण्यात गेले. म्हणून आज अशा एका खर्चाविषयी बोलावे असे मनात आहे, की जो आपल्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. परंतु प्रसूतीसाठी येणारी प्रत्येक कष्टकरी स्त्री तो स्वतःच्या पदरातून भरत असते. तो खर्च म्हणजे तिची बुडालेली मजुरी.

आपल्या प्रसूतिगृहात उमरेड, कुही व भिवापूर या तिन्ही तालुक्यांतून भगिनी येतात. कोणी मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणारी असते, कोणी धानाच्या रोवणीला जाणारी, कोणी कापूस वेचणारी, तर कोणी वीटभट्टीवर राबणारी. तपासणी, औषधे व खाट यांच्या खर्चात सवलत देणे धर्मादाय संस्थेस शक्य आहे, आणि आपल्या औदार्यामुळे ते घडतही आहे. परंतु डॉक्टरांनी "आता विश्रांती घ्या" असे सांगितले, की तिच्यापुढे निराळाच हिशेब उभा राहतो. विश्रांतीचा प्रत्येक दिवस हा मजुरीविना गेलेला दिवस असतो. औषधाच्या चिठ्ठीवर विश्रांती लिहिता येते. तिची किंमत कोणी द्यावयाची, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

हा प्रश्न आजचा नाही. कायदेमंडळात तो प्रथम मांडला गेला त्यास आता शंभर वर्षे होऊन गेली, आणि तो मांडणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातील लोकप्रतिनिधी अग्रभागी होते, ही गोष्ट आपण अभिमानाने आठवावी अशी आहे.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली. प्रसूतीपूर्वी सहा आठवडे व प्रसूतीनंतर सहा आठवडे विश्रांती, आणि त्या काळात निर्वाहापुरती रक्कम, असे तत्त्व तेथे मान्य झाले. या परिषदेस भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. कोकणातील गोरेगावचे हे शिक्षक पुढे भारत सेवक समाजात दाखल झाले, आणि मुंबईच्या गिरणगावात त्यांनी आयुष्य वेचले. तत्कालीन मध्यवर्ती विधानसभेत ते कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. १९२४ मध्ये त्यांनी प्रसूतीसाहाय्याचे विधेयक तेथे मांडले. शासनाने त्यास विरोध केला आणि विधेयक फेटाळले गेले. नारायणरावांनी मात्र तो विषय सोडला नाही.

त्या काळची परिस्थिती किती भीषण होती, हे समजण्यास एक पाहणी पुरेशी आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरण्यांतील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास केला. तो १९२२ साली प्रसिद्ध झाला. आई कामावर असताना तान्हे मूल झोपून राहावे म्हणून त्यास अफूची गोळी देण्याची चाल घरोघर होती, असे त्यांना आढळले. १९२१ च्या नोंदींनुसार मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सहाशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावत होती. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची नोंद मुंबईत होई. हा आकडा त्या कारणाने फुगलेला असेल, हे हिशेबनीस म्हणून मला नमूद केले पाहिजे. ती वजावट करूनही जे उरते, ते कोणत्याही समाजास लाजविणारेच आहे.

पुढे मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आर. एस. आसवले यांनी असेच विधेयक आणले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जी मांडणी केली, ती मला आजही अत्यंत मार्गदर्शक वाटते. बाबासाहेब त्या वेळी परिषदेचे नियुक्त सदस्य होते. मातेला प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. लोककल्याणाचे रक्षण हे प्रथमतः शासनाचे काम असल्याने या खर्चाचा मोठा भार शासनाने उचलला पाहिजे, असेही ते म्हणाले. मालकांनाही त्यांनी सोडले नाही. स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा अधिक फायदा असतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो. तेव्हा या खर्चाचा काही वाटा त्याने उचलणे न्याय्य ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

सज्जनहो, जमाखर्चाच्या भाषेत बोलावयाचे, तर बाबासाहेबांनी एका खर्चाचे तीन खातेदार ठरविले. समाजाला सुदृढ पिढी मिळते म्हणून शासन, श्रमाचा लाभ मिळतो म्हणून मालक, आणि तिसरी ती माता, जी आपल्या देहाने आपला वाटा आधीच देऊन चुकलेली असते.

१९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूतीसाहाय्य कायदा संमत झाला. गिरणीतील स्त्रीला प्रसूतीच्या आगेमागे ठराविक आठवडे रोजचे आठ आणे मिळू लागले. पाठोपाठ १९३० मध्ये आपल्या मध्य प्रांतातही असाच कायदा झाला. उमरेड त्या वेळी मध्य प्रांतात होते, हे येथील ज्येष्ठांना सांगावयास नको.

या कायद्यांत एक उणीव होती. सारा भार त्या त्या मालकावर पडत असल्याने स्त्रियांना कामावरच घेऊ नये, असा विचार काही मालक करू लागत. हक्क मिळावा आणि त्याच हक्कामुळे काम जावे, अशी ही अडचण होती. तिच्यावरील उपाय म्हणजे सामायिक निधी. मालक व कामगार दोघांनी वर्गणी भरावयाची आणि साहाय्य त्या निधीतून द्यावयाचे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हे तत्त्व स्वीकारले. १९५४ मध्ये ही योजना आपल्या नागपुरात सुरू झाली. मोठ्या संख्येतून उभा राहिलेला निधी एकट्यादुकट्याचा भार हलका करतो, हे धर्मादाय संस्थेच्या देणगीदारांस वेगळे समजावून देण्याची आवश्यकता नाही.

आपल्या परिसरास कोळशाच्या खाणींचा शेजार आहे. म्हणून खाणकामगार भगिनींचाही उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते. कालपर्यंत जे शासनाला प्रश्न विचारीत, ते आता उत्तर देण्याच्या बाजूस बसले होते. महायुद्धात कोळशाची टंचाई भासताच १९४३ मध्ये भूगर्भातील कामावर स्त्रियांना असलेली बंदी शासनाने उठविली, आणि त्यावर विधानसभेत कठोर टीका झाली. बाबासाहेबांनी शासनाची बाजू मांडताना, या कामात स्त्री-पुरुषांना समान कामास समान वेतन दिले जात असल्याचे निदर्शनास आणले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. दरम्यान १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याणासाठी, कोळशावर उपकर बसवून स्वतंत्र निधी उभारला गेला. त्यातून खाणपट्ट्यांत रुग्णालये उभी राहिली. प्रामाणिक लोकप्रतिनिधींनी लावून धरलेला प्रश्न सत्तेवरील माणसासही स्वस्थ बसू देत नाही, हे या इतिहासावरून दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा केंद्रीय प्रसूतीसाहाय्य कायदा झाला. २०१७ मध्ये पगारी रजेची मुदत पहिल्या दोन अपत्यांसाठी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ज्या स्त्रीचे नाव हजेरीपटावर आहे, तिच्यासाठी ही मोठीच प्रगती होय.

परंतु जिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, तिचे काय? सातऱ्यावरील मजुरीचा मालक हंगामागणिक बदलतो, आणि रोवणीचा तर आठवड्यागणिक. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार मिळतात. या साहाय्याचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही साधा भागाकार करून पाहू. कारखान्यातील भगिनीला सव्वीस आठवडे, म्हणजे १८२ दिवस, पूर्ण वेतन मिळते. तेवढ्याच दिवसांत पाच हजार रुपये विभागले, तर दिवसाला सत्तावीस रुपयांच्या आसपास पडतात. बाराच आठवडे धरले तरी साठ रुपये भरत नाहीत. आठ आण्यांपासून आरंभ झालेला प्रवास अद्याप अर्ध्या वाटेवर आहे, असे मी म्हणालो तर आपण मला दोष देणार नाही.

आता आपल्या हाती काय आहे, याविषयी विश्वस्त मंडळापुढे व आपणापुढे नम्रपणे काही प्रस्ताव ठेवतो.

पहिला प्रस्ताव नोंदीचा आहे. प्रसूतीसाठी येणाऱ्या प्रत्येक भगिनीच्या केसपेपरवर तिचा व्यवसाय आणि तिने कितव्या महिन्यापर्यंत काम केले, या दोन बाबी यापुढे लिहिल्या जाव्यात. लोकप्रतिनिधीला सभागृहात बोलावयाचे असते तेव्हा त्याला कळवळ्याइतकीच आकड्यांची गरज असते. शंभर वर्षांपूर्वी डॉ. बार्न्स यांच्या पाहणीने ती गरज भागविली. आपल्या तीन तालुक्यांची अशी नोंद आपण वर्षभर ठेवावी, आणि नावे वगळून तयार केलेले निवेदन आपल्या आमदार महोदयांना द्यावे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तर आपल्या शेजारी, नागपुरात भरते.

दुसरा प्रस्ताव, नोंदणीच्या खिडकीशेजारी शासकीय योजनांचे अर्ज भरून देणारी एक व्यक्ती नेमावी. आधारपत्र, बँकेचे खाते आणि माता व बाल संरक्षण कार्ड यांतील नावाच्या स्पेलिंगचा लहानसा फरकही हक्काची रक्कम अडवू शकतो.

तिसरा देणगीदारांसाठी आहे. इमारतीची कोनशिला व यंत्रसामग्री यांस आपण सढळ हाताने देता. त्याचबरोबर शेवटच्या काही आठवड्यांत काम थांबविणाऱ्या गरजू मातांना शिधा व अल्प रक्कम देण्यासाठी एक वेगळे खाते उघडण्यास आपण साहाय्य करावे. त्याचा हिशेब दरवर्षी याच सभेत सादर होईल.

चौथा प्रस्ताव आपल्या घरचा आहे. रुग्णालय हेही एक मालक आहे. स्वच्छतेच्या कामाचा कंत्राटदार नेमताना, त्याच्याकडील भगिनींची नावे हजेरीपटावर आहेत आणि लागू असलेली विम्याची वर्गणी भरलेली आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचे देयक मंजूर होऊ नये, अशी अट करारात असावी. शासनाकडे मागणी करणाऱ्याने आपल्या दारातील हिशेब आधी चोख ठेवावा, हे उचित आहे.

कायदा होण्यास वर्षे लागतात. १९२४ चे विधेयक पडले, आणि १९२९ चा कायदा उभा राहिला. मधल्या पाच वर्षांत ज्या माता बाळंत झाल्या, त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. आपल्याकडे यंदा येणाऱ्या मातांनाही थांबता येणार नाही. म्हणून शासनाकडे पाठपुरावा आणि आपल्या परीने साहाय्य, ही दोन्ही कामे बरोबरीने चालावीत, एवढीच माझी विनंती आहे.

 विश्वस्त मंडळाने या प्रस्तावांचा सहानुभूतीने विचार करावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.