पत्र्याच्या कारखान्यातून हिमरात्रीकडे



‘मेटल’ म्हणजे कानठळ्या, एवढीच या संगीताची ख्याती. यंत्रांच्या खडखडाटात ज्यांची हयात गेली त्यांच्यासाठी झगडणाऱ्या माणसाने त्याची तरफदारी का करावी? कारण ते जन्मले पत्र्याच्या कारखान्यात.

१९६५ साली बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा तिथे वेल्डिंग करी. दाबयंत्रावरचा माणूस आला नाही, म्हणून याला बदलीवर उभे केले. (अपघाताच्या चौकशीत हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की मला ते पाठ झाले आहे.) यंत्राने उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. पोरगा गिटार वाजवी आणि होता डावखुरा. म्हणजे तारा दाबायची बोटे नेमकी तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली. पुढे ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल सोडल्या. सूर खाली उतरला, जड झाला. त्या जडपणावर ‘ब्लॅक सॅबथ’ उभी राहिली आणि तिच्यामागून हे सारे संगीत.

नॉर्वेत ते पोचले तेव्हा अधिकच कर्कश झाले. तिथल्या काही तरुणांनी १९९२ पासून चर्चे जाळली. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्याच गोटाच्या शेजारून ‘उल्व्हेर’, म्हणजे लांडगे, या विशीतल्या पोरांनी १९९६ मध्ये ‘क्वेल्डसांगेर’, संध्यागीते, काढली. विजेची गिटार नाही, आरडाओरड नाही. साधी गिटार, चेलो आणि एकावर एक रचलेले गळे. सगळे मिळून जेमतेम ३५ मिनिटे. गायक क्रिस्तोफर रिग यानेच पुढे या कामाला अपरिपक्व म्हटले. मला ते पटत नाही.

एइनार सेल्विक तर ‘गोर्गोरोथ’ या भयंकर मेळाचा ढोलवाला. त्याने २००३ मध्ये ‘वार्डरुना’ स्थापन केली आणि जुनी वाद्ये स्वतः घडवायला घेतली. त्यांतल्या तागेलहार्पेला घोड्याच्या केसांच्या तारा असतात. त्या बोटांच्या टोकांनी नव्हे, मागच्या बाजूने दाबतात. आयोमीला हे वाद्य चालले असते!

ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तशा काळोखासाठी सेल्विकचे २०१८ चे ‘स्काल्ड’ आहे: एक गळा, एकदोन वाद्ये, स्टुडिओत सलग गायलेले. ज्यांना आरंभ करायचा आहे त्यांनी थंडीतल्या एखाद्या रात्री, घर निजल्यावर, त्यापासून करावा.